‘मॅन्ग्रोव्ह’ : उपाहारगृह, वस्ती आणि पडद्यावरील स्मृती

प्रस्तावना

वस्तीचा वारसा म्हटले की स्मारके, प्रार्थनास्थळे आणि जुन्या वास्तू डोळ्यांसमोर येतात. रोजच्या गल्ल्यावर चालणाऱ्या दुकानाची गणना त्यात सहसा होत नाही. ब्रिटिश दिग्दर्शक स्टीव्ह मॅक्वीन यांच्या ‘स्मॉल अ‍ॅक्स’ या पाच चित्रपटांच्या मालिकेतील ‘मॅन्ग्रोव्ह’ (२०२०) हा चित्रपट मात्र एका उपाहारगृहालाच लंडनमधील कृष्णवर्णीय वस्तीच्या वारशाचे केंद्र मानतो. प्रस्तुत लेखात चित्रपटातील या उपाहारगृहाचे स्थान आणि त्या चित्रणाची मर्यादा यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

त्रिनिदादहून १९५३ मध्ये इंग्लंडला आलेल्या फ्रँक क्रिचलो यांनी १९६८ मध्ये नॉटिंग हिल भागात ‘मॅन्ग्रोव्ह’ सुरू केले. कॅरिबियन बेटांवरून आलेल्यांना तेथे आपल्या चवीचे जेवण मिळे आणि अडचणीत सल्लाही मिळे. जानेवारी १९६९ ते जुलै १९७० या काळात पोलिसांनी तेथे १२ छापे घातले. रात्रभर व्यवसाय करण्याचा परवानाही गेला. त्याच्या निषेधार्थ ९ ऑगस्ट १९७० रोजी सुमारे १५० जणांनी मोर्चा काढला. त्यातून नऊ जणांवर खटला भरण्यात आला. १९७१ मध्ये ओल्ड बेली न्यायालयात तो ५५ दिवस चालला. दंगलीस चिथावणी दिल्याच्या आरोपातून सर्व जण सुटले. चौघांना अन्य किरकोळ आरोपांखाली स्थगित शिक्षा झाल्या. आरोपींपैकी अल्थिया जोन्स-लकॉइन्ट या ब्रिटिश ब्लॅक पँथर चळवळीच्या नेत्या होत्या. अमेरिकेतील ज्या ब्लॅक पँथरवरून या चळवळीने नाव घेतले, त्याच्याच प्रेरणेने १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली.

चित्रपटातील उपाहारगृह

हा विषय प्रथम पडद्यावर आणला तो फ्रँको रोसो यांच्या १९७३ च्या माहितीपटाने. त्याचा भर खटल्यावर आहे. मॅक्वीन यांच्या चित्रपटाचा पूर्वार्ध मात्र उपाहारगृहातच रमतो. शॉन पार्क्स यांनी साकारलेल्या क्रिचलो यांना नेता व्हायचे नाही; त्यांना धंदा नीट चालवायचा आहे. ही साधी इच्छाच पुढे राजकीय ठरते. एका छाप्यानंतर कॅमेरा स्वयंपाकघरातील जमिनीवर डोलत राहिलेल्या चाळणीवर दीर्घकाळ स्थिरावतो. माणसे दिसत नाहीत, संवाद नाहीत. मालकाच्या पोटावर आलेला आघात ती चाळणी सांगते. छापा म्हणजे बुडालेली रात्र, फुटलेली भांडी आणि दुरावणारे गिऱ्हाईक, हे या दृश्यातून प्रत्ययास येते.

उत्तरार्धात चित्रपट न्यायालयात शिरतो. डार्कस हाऊ (मलाकाय किर्बी) आणि जोन्स-लकॉइन्ट (लेटिशिया राइट) स्वतःची बाजू स्वतः मांडतात, ते प्रसंग प्रभावी आहेत. गुन्हा कबूल करावा की नाही, या क्रिचलो यांच्या द्विधा मनःस्थितीचे चित्रणही सूक्ष्म आहे. तथापि येथे उपाहारगृह जवळजवळ अदृश्य होते. खटल्याच्या काळात चूल कशी पेटत राहिली, नोकरांचे पगार कोठून आले, हे प्रश्न चित्रपट विचारत नाही. न्यायालयीन विजयाच्या परिचित साच्यामुळे पूर्वार्धाने उभा केलेला मूळ प्रश्न मागे पडतो.

समारोप

प्रत्यक्षात निकालाने उपाहारगृहाला अभय मिळाले नाही. पुढील काळातही पोलीस कारवाई चालूच राहिली. अखेर १९९२ मध्ये लंडन पोलिसांना क्रिचलो यांना ५० हजार पौंड भरपाई द्यावी लागली. ‘मॅन्ग्रोव्ह’ मात्र टिकले नाही. हा दीर्घ काळ चित्रपट शेवटी मोजक्या अक्षरांत उरकतो. वस्तीचा वारसा वाचवायचा, तर त्याची कथा सांगणे आवश्यक आहेच. परंतु ज्या व्यवसायाच्या आधाराने ती कथा घडली, तो चालू ठेवण्याची किंमत कोणी मोजली, याचा हिशेबही त्या कथेचाच भाग असतो. ‘मॅन्ग्रोव्ह’च्या पूर्वार्धाला ही जाणीव आहे, उत्तरार्धात ती क्षीण होते, एवढी उणीव मान्य करूनही स्वयंपाकघराला इतिहासात स्थान देणारा हा चित्रपट महत्त्वाचा ठरतो.