वही लपवून लिहिणाऱ्या बाया

आपल्याकडच्या समीक्षक मंडळींना एक जुनी खोड आहे. बाईनं पुस्तक लिहिलं की ते आधी तिचं दुःख मोजायला बसतात. उपास किती काढले, मार किती खाल्ला, सासू कशी होती, नवरा कसा होता. मग थोडं हळहळतात आणि निकाल देतात, अनुभव अस्सल आहे, पण रचना विस्कळीत आहे. दस्तऐवज म्हणून मोल मोठं, कलाकृती म्हणून मात्र... पुढं तीन टिंबं.

दलित बाईच्या पुस्तकाला हा निकाल छापील फॉर्मसारखा मिळतो. नाव तेवढं बदलायचं. आणि हा फॉर्म भरणारे फक्त सदाशिव पेठेत राहतात असं समजू नका. आपल्या मेळाव्यात, आपल्याच मंचावर बसलेलेही तो भरतात.

माझं म्हणणं असं आहे की बाईचं जगणं हा तिच्या पुस्तकाचा नुसता विषय नसतो. पुस्तक केवढं होणार, त्याचे तुकडे किती पडणार, त्यात 'मी' बोलणार की 'आम्ही', काय सांगितलं जाणार आणि काय गिळलं जाणार, हे सगळं त्या जगण्यानं ठरतं. हे ज्याला दिसत नाही त्याला ते पुस्तक वाचता आलेलं नाही. मग त्यानं कितीही हळहळ करू दे.

आधी वयाचा साधा हिशेब मांडू. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. पवारांचा जन्म १९३५ चा, म्हणजे चाळिशी नुकतीच ओलांडलेली. लक्ष्मण माने १९४९ चे, 'उपरा' १९८० चं, म्हणजे तिशी-एकतिशी. शरणकुमार लिंबाळे १९५६ चे, 'अक्करमाशी' १९८४ चं, म्हणजे तिशीच्याही आत. आता आपल्या बाया बघा. शांताबाई कांबळे १९२३ च्या, 'माज्या जल्माची चित्तरकथा' पुस्तकरूपानं आलं १९८६ साली. साठी उलटून गेलेली. बेबीताई कांबळे १९२९ च्या, 'जिणं आमुचं' पुस्तक झालं तेही १९८६ सालीच. साठीला टेकलेल्या.

ही वयं शेजारी-शेजारी ठेवली की कळतं. भूक दोघांच्याही वाट्याला होती. गावकुसाबाहेरचं घर दोघांचंही होतं. पण आपल्या घरांत पुरुष लिहायला बसला की पोरांना गप्प करतात, चहाचा कप आपसूक शेजारी येतो. बाईमाणूस लिहायला बसलं की चूल विझते. म्हणून तिचं पुस्तक वीस-तीस वर्षं उशिरा येतं. कधी येतच नाही.

शांताबाई सोलापूर जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षिका. १९४२ पासून नोकरी. संसार, पोरं, बदल्या, नवऱ्यानं दुसरी बायको केली तेव्हाचं तुटणं आणि पुन्हा उभं राहणं, हे सगळं उरकलं, नोकरी संपली, तेव्हा कुठं त्यांनी लेखणी हातात घेतली. ज्या बाईनं सगळी हयात पोरांचं शुद्धलेखन तपासलं, तिनं स्वतःच्या पुस्तकाच्या नावात मात्र 'माज्या' ठेवलं, 'जल्माची' ठेवलं. तिला 'माझ्या' आणि 'जन्माची' लिहिता येत नव्हतं काय? येत होतं. शाळेत जे बरोबर त्याचा पगार घेतला, आणि जन्म सांगायची वेळ आली तेव्हा आईच्या तोंडची भाषा घेतली. हा निर्णय आहे. आणि 'चित्तरकथा' हा शब्द बघा. चित्रकथी एकेक चित्र पुढं धरतो, त्याची गोष्ट सांगतो, मग दुसरं चित्र काढतो. शांताबाईंचे छोटे-छोटे प्रसंग तसेच येतात. तुम्ही ज्याला विस्कळीत म्हणता, त्याची रीत बाईनं पुस्तकाच्या नावातच सांगून ठेवलीय.

आता बेबीताई. फलटणला त्यांचं छोटं दुकान. माल बांधायला रद्दी यायची, ती त्या वाचून काढायच्या. वाचता-वाचता लिहायला लागल्या, तेही नवऱ्याला कळू न देता. वर्षानुवर्षं हे लिखाण लपून राहिलं. फलटणमध्ये राहून काम करणाऱ्या अमेरिकन अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी त्यांना बळ दिलं आणि १९८२ साली ते 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं.

'जिणं आमुचं' वाचताना एक गोष्ट खटकली पाहिजे. पुस्तकात महारवाड्यातली भूक आहे, बाळंतिणीचे हाल आहेत, देवदेवस्की आहे. पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात खोडा घालणारं सासर आहे, बाईचं नाक कापणारे आपलेच पुरुष आहेत. वडलांनी आईला घराबाहेर पडू दिलं नाही, तेही आहे. पण बेबीताईंचा स्वतःचा संसार? तो जवळजवळ नाहीच. माया पंडित यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, तो २००८ साली आला. त्यातल्या मुलाखतीत बेबीताईंनी सांगितलं की नवरा संशय घ्यायचा, मारायचा. म्हणजे पुस्तक आल्यावर वीसेक वर्षांनी, आणि पुस्तकाच्या बाहेर.

मग त्या भ्याल्या म्हणून लिहिलं नाही, असं म्हणायचं? ज्या बाईला वही लपवावी लागते तिला भीती असणारच. पण तेवढंच नाही. त्याच मुलाखतीतला त्यांचा सूर असा की हा मार साऱ्याच बायांच्या वाट्याला होता, आपला एकटीचा काय सांगायचा? सांगायचं होतं ते समाजाचं. म्हणून पुस्तकाचं नाव 'जिणं माझं' नाही, 'जिणं आमुचं' आहे. हे 'आम्ही' आपल्याकडं जुनं आहे. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांगाची पोर 'ज्ञानोदया'त लिहिती झाली, तेव्हा तीही स्वतःचं रडगाणं गायली नाही. मांग-महारांच्या बाया उघड्यावर बाळंत होतात, त्यांच्या डोक्यावर छप्पर नसतं, हे तिनं लिहिलं. शाळकरी वयाच्या पोरीनं बाळंतिणीचं दुःख मांडलं. ते तिच्या अंगावरून गेलेलं नव्हतं, पण तिच्या वस्तीतलं होतं. आणि ते तिनं पाहिलं ते बाई म्हणूनच.

आता कुणी म्हणेल, मग या बायांवर टीका करायचीच नाही काय? करा की! पण जगण्यातून पुस्तकात शिरून करा. 'जिणं आमुचं' मध्ये बाबासाहेब येतात आणि पुस्तक उजळून निघतं. मेलेल्या ढोरावर जगणारी माणसं ताठ होतात, बाया सभेला जातात, पोरांना शाळेत घालतात. पण सुनेच्या पायातल्या त्या खोड्याचं पुढं काय झालं? चळवळ उंबऱ्याच्या आत किती आली? इथं पुस्तक कमी बोलतं असं मला वाटतं. आणि नेमकं ज्या जागी ते गप्प होतं, तिथूनच बेबीताईंचं स्वतःचं घर सुरू होतं. पुस्तकाची उणीव म्हणा, पण ती उणीव त्यांच्या एकटीच्या खाती टाकू नका. त्यात आपला सगळ्यांचा वाटा आहे.

कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट' (१९८१) बद्दल उलटी तक्रार ऐकू येते. भाषा फार प्रमाण, फार संस्कृताळलेली, आपली वाटत नाही म्हणे. अरे, पण ती आली कुठून? नागपूरच्या या महाराच्या मुलीनं संस्कृत घेतलं, एम.ए. केलं, आणि तरीही सोमकुवर या आडनावाला नोकरी मिळेना. लग्नानंतर कुणबी मराठ्याचं पावडे आडनाव लागलं आणि नोकरी मिळाली. म्हणजे पदवी तीच, बाईही तीच, फक्त आडनाव दुसरं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. ज्या भाषेच्या दारात आपल्याला उभं करत नव्हते, तीच भाषा घेऊन ही बाई दारात उभ्या असलेल्यांचा पंचनामा करते. शांताबाईंनी शाळेची भाषा बाजूला ठेवली, कुमुदताईंनी ती हत्यारासारखी धरली. दोघींच्याही भाषेमागं दोघींचं जगणं आहे. एकीला अस्सल आणि दुसरीला नक्कल ठरवणारे आपण कोण?

आणि मग उर्मिला पवार. रत्नागिरीकडची आई बांबूची आयदानं विणायची, टोपल्या, सुपं. लेकीनं २००३ साली आत्मकथनाला नाव दिलं 'आयदान'. आईचं विणणं आणि आपलं लिहिणं यांची वीण एकच, असं त्या मानतात. बेबीताईंना जे पुस्तकाबाहेर ठेवावं लागलं, ते उर्मिलाताईंनी पुस्तकात आणलं. नोकरी, पोरं आणि शिक्षण एकाच वेळी ओढणं, बायको सभेला जाते म्हणून घरात होणारी धुसफूस, सगळं. हे जमलं कशामुळं? हातात स्वतःचा पगार होता. स्त्री चळवळीशी नातं होतं. मीनाक्षी मून यांच्याबरोबर आंबेडकरी चळवळीतल्या बायांना गाठून त्यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हा ग्रंथ उभा केला होता. इतक्या बायांचं ऐकून घेतलेल्या बाईला मग स्वतःचंही बोलता येतं. 'आमुचं' पासून 'मी' पर्यंत यायला वीस वर्षं लागली, आणि त्या वाटेवर अनेक बाया उभ्या होत्या.

तेव्हा मित्रहो, 'घरातलं घरातच ठेवा, चळवळीची बदनामी होते' हे बायांना सांगणं आता थांबवा. जात चव्हाट्यावर मांडताना आपण कुणाची परवानगी घेतली नव्हती. बाईचं लिखाण हाती आलं तर तिची भाषा धुऊन काढू नका. प्रसंग तुटक वाटला तर आधी विचारा, बाई, हे कवा लिहिलंत? भाकरी थापता-थापता की सगळे निजल्यावर? आणि बेबीताई २०१२ साली गेल्या म्हणून त्यांच्या नावानं सभा घेणार असाल तर जरूर घ्या. फक्त त्या सभेला येताना घरची बाई कुठं आहे, एवढं बघून या. तिचीही एखादी वही असेल, पिठाच्या डब्यामागं.