रेडिओची वर्गणी

वज्रेश्वरीच्या घरी वह्या तपासताना मी मोबाइलवर आकाशवाणी ऐकतो, अगदी फुकट. वडिलांच्या पिढीला रेडिओचा परवाना पोस्टात पैसे भरून घ्यावा लागे. आता इंटरनेट-रेडिओची वर्गणी का भरावी? जाहिराती टळतात, हे समर्थन मला तोकडे वाटते. ती सोय झाली, रसिकता नव्हे. वर्ल्डस्पेसची ‘गंधर्व’ वाहिनी हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतालाच वाहिलेली होती. पैसे मोजावेत ते अशा निवडीसाठी. कुणा जाणत्याने आपल्याआधी ऐकून, पारखून ठेवलेले असते. पण २००९च्या अखेरीस वर्ल्डस्पेसची भारतातील सेवा बंद पडली आणि विकत घेतलेले संच त्या गाण्याला मुके झाले. वर्गणीदाराकडे एक तबकडीही उरली नाही. मी वर्गणी भरतो. मात्र महिन्याची, वर्षाची नव्हे.