श्रमजीवी बालकांचे चित्रसंग्रह : एक प्रमाणविचार

विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील गिरण्या, खाणी, कांचकारखाने व रस्त्यावरचे धंदे यांत राबणाऱ्या मुलांचीं छायाचित्रें लुइस हाइन यांनीं काढलीं. आधीं ते न्यूयॉर्क येथें शिक्षक होते. १९०८ सालीं राष्ट्रीय बालश्रम समितीनें त्यांस या कामासाठीं नेमलें. पांच हजारांहून अधिक छायाचित्रांचा हा संग्रह, धंदेवार लावलेल्या आल्बमांसह, १९५४ सालीं वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आला. हीं चित्रें हृदयद्रावक आहेत हें निर्विवाद होय. इतिहासाचीं साधनें म्हणून त्यांची योग्यता काय, एवढाच प्रश्न आम्ही येथें विचारास घेतों.

आमच्या मतें या संग्रहाचा प्राण चित्रासोबतच्या टिपणांत आहे. नॉर्थ कॅरोलायनांतील व्हिटनेल येथल्या सूतगिरणीचें डिसेंबर १९०८ मधील एक चित्र घ्या. यंत्राशेजारीं एक लहानशी मुलगी उभी आहे. चित्र एवढेंच सांगतें. तिची उंची ५१ इंच, गिरणींत येऊन एक वर्ष झालेलें, मधूनमधून रात्रपाळी, रोज ४८ सेंट मजुरी, हें टिपण सांगतें. वय विचारतां ती अडखळली व आठवत नाहीं म्हणाली. मग विश्वासानें बोलली कीं, कामाचें वय झालेलें नाहीं, तरी काम करतें. पन्नास कामगारांत तिच्याएवढीं दहा मुलें होतीं. उंची हें येथें वयाच्या अनुमानाचें लिंग, आणि मुलीचें उत्तर हें शब्दप्रमाण. दोहोंवांचून प्रत्यक्ष मुकें राहिलें असतें.

आतां शब्द प्रमाण ठरावयास वक्ता आप्त असावा लागतो. हाइन तटस्थ नव्हते. बालश्रम बंद व्हावा म्हणून ते पुरावा जमवीत होते, आणि कारखान्यांत शिरण्यासाठीं प्रसंगीं खोटी बतावणीही करीत. नांवें ऐकून लिहिल्यामुळें कांहीं चुकलीं. अलीकडील अभ्यासकांनीं जनगणनेच्या नोंदींशीं ताडून तीं सुधारलीं. परंतु ठिकाण, तारीख, वय व मजुरी लिहिलेली होती म्हणूनच ही पडताळणी शक्य झाली. पक्षपाती पण तपशीलवार फिर्याद न्यायाधीशास मुक्या साक्षीदारापेक्षां अधिक उपयोगी पडते.

म्हणून टिपण गाळून नुसतें चित्र छापण्याची जी चाल पडली आहे ती आम्हांस सर्वथा त्याज्य वाटते. टिपण गेलें कीं ती मुलगी दैन्याची एक प्रतिमा होऊन बसते. तिची रात्रपाळी, तिचे ४८ सेंट व तिचें उत्तर नाहींसें होतें.

मूळ कागदांवर इतिहास उभारावा, असा राजवाड्यांचा आग्रह होता. तोच न्याय छायाचित्रांसही लागू आहे. आपल्याकडे पेढ्या, छापखाने व गिरण्या यांतील माणसांचीं जुनीं छायाचित्रें अनेक घरीं पडून आहेत. मागें नांव नसलेलें छायाचित्र हें मिती व शिक्का फाटून गेलेल्या पत्रासारखें होय. त्यांतील चेहरे ओळखणारे वृद्ध हयात आहेत, तोंवर नांव, गांव, काम, मजुरी व साल विचारून प्रत्येकाच्या पाठीमागें लिहून ठेवावें.