खिळा कीं खांच?

राइनहोल्ड मेस्नर यांनीं १९६८ सालीं ‘अशक्याचा वध’ हा छोटासा निबंध लिहिला. कड्यास भोक पाडून खिळा ठोकीत जाणाऱ्यास चढतां येणार नाहीं अशी जागाच उरत नाहीं. मग अशक्य मरतें, आणि त्याबरोबर धैर्यहि मरतें, असा त्याचा आशय. १९७२ सालीं इव्हॉन शुइनार यांनीं अमेरिकेंत आपल्याच विक्रीच्या सूचिपत्रांतून, खडक फोडणाऱ्या पोलादी मेखा टाकून हातानें बसवितां-काढितां येणाऱ्या पाचरी वापरा, असा उपदेश केला. या दोन लेखांचें मोठेपण असें कीं, त्यांनीं हा प्रश्न शिपायाच्या दंडुक्याकडून काढून आत्मसन्मानाकडे सोंपविला.

परंतु आतां हेंच शास्त्र घळी उतरणाऱ्यांस लावण्यांत येतें, आणि तेथें तें अपुरें पडतें असें आमचें मत आहे. युटा संस्थानांतील झायन राष्ट्रीय उद्यानाच्या अरुंद घळींत मनुष्य वरून खालीं दोरानें उतरतो. खालीं नेण्यास गुरुत्वाकर्षण सर्वांसच साह्य करतें. वध करण्याजोगें अशक्य तेथें नाहींच. उलट, एकदां दोर ओढून घेतला कीं परतीची वाट बंद होते. पुढच्या कड्यावरील खिळा हा विजयाचें शस्त्र नसून सुटकेचें दार असतो.

शिवाय तेथील वालुकाश्म मऊ आहे. ओढलेला दोर त्यांत खांच पाडतो, आणि शेंकडों दोर गेल्यावर ती खोल होते. झाडास गुंडाळलेल्या पट्ट्यांनीं साल सोलली जाते. ‘आम्ही कांहींच ठेविलें नाहीं’ असें अभिमानानें म्हणणाराहि पुष्कळदां खांच ठेवून जातो. खिळा काढतां येतो. खांच बुजवितां येत नाहीं. वाळूनें वा पाण्यानें भरलेल्या पिशवीच्या वजनावर उतरून ती मागाहून ओढून घेणारे कुशल लोक आहेत, हें खरें. पण तेथें सारा धोका शेवटच्या मनुष्याच्या कौशल्यावर येऊन पडतो. तें कौशल्य प्रत्येकाच्या ठायीं गृहीत धरतां येत नाहीं.

आतां कायद्याकडे वळूं. झायनचा बहुतेक भाग २००९ सालीं १९६४ च्या अरण्यसंरक्षण कायद्याखालीं आला, आणि त्या कायद्यास मानवी बांधणी वर्ज्य आहे. नोव्हेंबर २०२३ मध्यें सरकारी खात्यांनीं खिळ्यांस या निषिद्ध वर्गांत घालण्याचा विचार मांडला. आरोहकांनीं विरोध केला. पुढें जानेवारी २०२५ मधील नव्या कायद्यानें खिळ्यांस वाव मान्य केला. तथापि जें विहित, तें सर्वच उचित असतें असें नाहीं. भूमि सार्वजनिक आहे याचा अर्थ ती कोणाचीच नाहीं असा नव्हे. ती मागून येणाऱ्याचीहि आहे.

म्हणून कसोटी बदलली पाहिजे. मेस्नर विचारतात, तूं अशक्याचें काय केलेंस? घळ विचारते, तुझ्या मागून येणाऱ्या शंभराव्या मनुष्यास येथें काय सांपडेल? नैसर्गिक आधार असतां सोयीखातर खिळा ठोकणारा या प्रश्नास उत्तर देऊं शकत नाहीं. पण शुद्धतेच्या भरांत कोणास न कळवितां जुना खिळा उपटणारा त्याहून अधिक दोषी होय. त्या खिळ्याच्या भरंवशावर वर दोर ओढून घेतलेला अनोळखी मनुष्य मग भिंतींमध्यें अडकून राहतो. दगडाची शुचिता राखण्यासाठीं माणसाचा विश्वासघात करणें, यास आम्ही नीति म्हणूं शकत नाहीं.