तिबुरचा पाषाण : विट्रुव्हियसाच्या एका उपपत्तीची परीक्षा

विट्रुव्हियस ह्या रोमन स्थपतीच्या लॅटिन वास्तुग्रंथांतील दुसऱ्या भागाचा सातवा अध्याय पाषाणपरीक्षेचा आहे. त्यांत रोमजवळच्या तिबूर, म्हणजे हल्लींच्या तिव्होली, येथील दगडाविषयीं जें लिहिलें आहे त्याचा येथें विचार करावयाचा आहे. मूळ नांव ‘तिबुर्तिनुस’. इटालियनांच्या तोंडीं त्याचें ‘तिव्हेर्तिनो’ आणि पुढें ‘त्राव्हेर्तिनो’ झालें. इंग्रजीवरून आपण ‘ट्रॅव्हर्टाइन’ म्हणतों. पोथ्या चाळणारांस असला अपभ्रंश नवा नाहीं.

आपल्याकडे ह्या दगडास सरसकट संगमरवर म्हणण्याची खोड आहे. प्रस्तुत लेखकही वर्गांत अनेक वर्षें तसेंच सांगत आला, हें कबूल केलें पाहिजे. परंतु संगमरवर हा भूगर्भांतील उष्णतेनें व दाबानें पालटलेला चुनखडक होय. तिबुरचा दगड झऱ्याचा. कर्बाम्लवायुयुक्त पाणी जमिनींतील चुनखडी विरघळवितें. तें वर येतांच वायु निघून जातो आणि चुनखडीचे थरावर थर बसतात. वायूचे बुडबुडे व कुजलेल्या वनस्पति ह्यांच्या जागा पोकळ राहतात. दगडावरील बारीक छिद्रें तीं हींच. (कलोसियमच्या भिंतीवरील मोठीं भोंकें मात्र लोखंडी आंकडे काढून नेणारांचीं.)

विट्रुव्हियस म्हणतो कीं, हा दगड भार व ऊनपाऊस सोसतो, पण अग्नीनें तडकतो; कारण त्यांत वायु व तेज फार, आप व पृथ्वी अल्प. भूतांच्या न्यूनाधिक्यानें द्रव्यगुण सांगण्याची ही रीत आयुर्वेद वाचलेल्यांस ओळखीची वाटते, आणि म्हणूनच मान डोलविण्याचा मोह होतो. तो आवरावा. ज्याच्या अंगीं आप थोडें म्हणून दोष दिला, तो पाषाण साक्षात् पाण्याचें अपत्य आहे! खरें कारण असें कीं, त्यांतील स्फटिककण तापले असतां एका दिशेनें फुगतात व दुसरीनें आंखडतात. ताप फार वाढला तर बद्ध वायु सुटून कळीचा चुना उरतो.

उपपत्ति चुकली तरी साक्ष खोटी ठरत नाहीं. इ. स. ८० मध्यें उद्घाटन झालेल्या कलोसियमची बाहेरील भिंत ह्याच दगडाची. जेवढी उरली तेवढी अजून उभी आहे. त्याच इमारतीची इ. स. २१७ च्या आगीनें मोठी हानि झाली व दुरुस्ती कित्येक वर्षें चालली.

मराठी भाषांतरांत येथें ‘संगमरवर’ घालूं नये. त्याविषयीं ग्रंथकार सातव्या भागांत स्वतंत्र लिहितो.