१८ अश्वशक्तीचे गद्य

परीक्षणासाठी आलेल्या पुस्तकाची किंमत मी आजवर कधी दिलेली नाही. तीस वर्षं मास्तरकी केली आणि त्यातली पंचवीस वर्षं पुस्तक-परीक्षणं लिहिली. या दोन्ही धंद्यांत पुस्तकं फुकटच मिळतात, आणि फुकट मिळालेली पुस्तकं जितकी वाचायची तितकीच मी वाचत आलो. आज ज्या पुस्तकाविषयी लिहितो आहे त्याला मात्र साडेचार लाख रुपये मोजले. सोबत एक ट्रॅक्टर मिळाला.

ट्रॅक्टर माझा निम्मा आणि माझ्या धाकट्या भावाचा, आबाचा, निम्मा. म्हणजे पैसे निम्मे माझे (निवृत्तीचे) आणि निम्मे त्याचे (सोसायटीचे). तासगाव तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. वडिलांनी वाटणी सोपी केली होती : मला शिक्षण, आबाला जमीन. दोघांनीही आयुष्यभर दुसऱ्याचा वाटा मोठा मानला, त्यामुळे भांडण कधी झालं नाही.

तर हा ट्रॅक्टर लहान जातीचा आहे. १८ अश्वशक्ती, तीन सिलिंडर, चारी चाकांना ओढ. रुंदी चार फुटांच्या आत. बागेत दोन ओळींत नऊ फूट अंतर आणि वर वेलींचा मांडव. मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणला की तो फवारून जाताना चार काड्या आणि एखादी तारही सोबत घेऊन जायचा. हा मात्र पंगतीत सराईत वाढप्याने दोन पानांमधून तूप वाढत जावं तसा जातो, कुणाच्या ताटाला पाय लागत नाही. जागच्या जागी वळतो. वजन कमी, त्यामुळे ओल्या रानात माती दडपत नाही. पहिल्या दिवशी तो अंगणात उभा राहिला तेव्हा आबाची नात म्हणाली, “ह्यो मोठा झाल्यावर केवढा हुईल?” आम्ही पेढे वाटले. आणि मग आबाने बैठकीखालच्या पेटीतून पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं.

“दादा, तुमी शिकल्यालं. तुमी वाचून सांगा, आमी करतो.”

मी चष्मा पुसला. परीक्षकाला याहून चांगला वाचक कुठला मिळणार?

आता पुस्तकाविषयी. लेखकाचं नाव नाही. संतवाङ्मयातसुद्धा शेवटी कुणाची तरी नाममुद्रा असते. इथे ती नाही, आणि ग्रंथ वाचून झाल्यावर ती का नाही हे समजतं. मूळ ग्रंथ बहुधा इंग्रजीत झाला असावा, तिथून तो हिंदीत उतरला आणि हिंदीची बस चुकल्यामुळे रात्री मुक्कामाला मराठीत थांबला. क्लचच्या पायटीला दाबण्याआधी जी थोडी ढील ठेवावी लागते, तिला या ग्रंथात ‘मुक्त क्रीडा’ असं नाव आहे. मी दोन दिवस हा शब्द मोठ्या आदराने वापरला. नंतर मेकॅनिकने पायटीवर बोट ठेवून सांगितलं, “ही ढिलाई. जास्त झाली तर गिअर कडाकडा वाजतो, नसंल तर प्लेट जळती.” एवढंच ते होतं.

पहिल्या प्रकरणात भयानक रस आहे. ‘धोका’, ‘इशारा’ आणि ‘सावधान’ अशा तीन पायऱ्यांची भीती यात घातली आहे. धोक्यात माणूस मरतो, इशाऱ्यात मरू शकतो आणि सावधानात नुसता लागतो. विचार उत्तम आहे. पण मराठी वाचकाला हे तीन शब्द सारखेच भितात किंवा सारखेच भीत नाहीत. मी गोठ्यासमोर उभा राहून तिन्ही मोठ्याने वाचून पाहिले. आबाच्या म्हशीवर तिन्हींचा परिणाम एकच झाला. मात्र एक सांगतो. मागच्या फिरत्या दांड्याजवळ, म्हणजे मिनिटाला ५४० फेरे घेणाऱ्या त्या पीटीओजवळ, धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर नेऊ नये, हे वाक्य त्यात हवं होतं. तिथे ‘सैल परिधान वर्ज्य’ असं आहे. आबाने ‘परिधान’ हा ट्रॅक्टरचाच एक सैल झालेला भाग समजून सगळे नट आवळले.

दुसरं प्रकरण निगेचं. ते सबंध कर्मणी प्रयोगात आहे. ‘तेल बदलण्यात यावे.’ ‘पट्ट्याचा ताण तपासण्यात यावा.’ कोणी? तीस वर्षं अनुदानित शाळेत काढल्यामुळे मला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. ‘करण्यात यावे’ याचा अर्थ ‘दुसऱ्या कुणी तरी करावे’ असा होतो, आणि तो दुसरा त्या दिवशी रजेवर असतो.

शेवटचं प्रकरण मात्र कळसाचं. तीन रकाने : तक्रार, संभाव्य कारण, उपाय. इंजिन सुरू होत नाही, इंजिन काळा धूर सोडते, इंजिन पांढरा धूर सोडते. जीवनातल्या सगळ्या दुःखांची अशी तीन रकान्यांत विल्हेवाट एखाद्या तत्त्वज्ञाने केली असती तर आम्ही त्याची देवळं बांधली असती. आणि कीर्तनात कुठलंही आख्यान लावलं तरी अखेरीस बुवा सद्गुरूला शरण जातात, तसा इथेही प्रत्येक पानाच्या तळाशी एकच उपाय आहे : ‘अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधावा.’

तो आम्ही साधला. ट्रॅक्टरचं वय किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, तासांत मोजतात. समोरच्या तबकडीत एक आकडा इंजिन चालेल तसा सरकत असतो. पहिली सर्व्हिस ५० तासांना. कारण नव्या इंजिनात आणि गिअरमध्ये लोखंड लोखंडाशी पहिल्यांदाच संसार करत असतं. थोडी घासाघीस होते, त्याचा बारीक कीस तेलात उतरतो, म्हणून ते पहिलं तेल आणि त्याचा फिल्टर लवकर बदलायचा. तोवर गाडीवर पूर्ण भार टाकायचा नाही, पण तिला नुसती उभ्या उभ्या गुरगुरतही ठेवायची नाही. नव्या सुनेला वागवण्याचे हेच नियम आमच्या आजीला तोंडपाठ होते. तिने ते पाळले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

५० तास भरले तेव्हा फोन केला. मेकॅनिक ६१ व्या तासाला आला. सर्व्हिस ‘मोफत’ होती. या विशेषणाची व्याप्ती व्याकरणदृष्ट्या मजुरीपुरती असून तेल, फिल्टर आणि ‘इतर’ ही नामं तिच्या कक्षेबाहेर पडतात, हे बिल हातात आल्यावर कळलं. पण पोरगा कामाचा निघाला. तेलाचा फिल्टर अशा बिळात बसवला आहे की काढताना निम्मं काळं ऑइल कोपरापर्यंत येतं. पुढच्या आसाला गिरीस मारायचं एक तोंड चाकाच्या इतकं आत आहे, की जिथे ट्रॅक्टर बांधला तिथल्या माणसांचे हात निराळे असावेत. पोराने दोन्ही कामं शिवी न देता केली. अशी वाक्यं पुस्तकात असती तर त्याला वाङ्मयीन मूल्य आलं असतं.

इथवर सगळं ठीक होतं. हसत होतो.

ऑक्टोबरची छाटणी होऊन बाग नोव्हेंबरात फुलोऱ्याला आली आणि अवेळी पाऊस पडला. ज्यांच्या घरी द्राक्षं आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. इतरांसाठी सांगतो : फुलोऱ्यात पाऊस झाला की दावण्या नावाची बुरशी येते. ती आधी पानावर तेलकट डाग काढते, आणि घडात शिरली की घड काळे पडून गळतात. औषध तिच्या आधी पोहोचलं पाहिजे. त्या रात्री पाऊस नऊला उघडला. दहाला आबा ब्लोअर जोडून बागेत शिरला. मी बांधावर विजेरी घेऊन उभा. साडेअकराच्या सुमाराला तबकडीतला गरमीचा काटा तांबड्यात गेला आणि पाण्याची वाफ नाकपुड्या फुगवाव्यात तशी दोन्ही बाजूंनी निघाली.

आबाने इंजिन बंद केलं. माझ्याकडे पाहिलं. मी विजेरीच्या उजेडात पुस्तक उघडलं. ‘इंजिन अतितप्त होणे.’ उपाय : ‘प्रकरण दोनमधील दैनंदिन निगा पाहावी.’ पाहिली. तिथे वाक्य होतं : ‘विकिरकाच्या अग्रभागी स्थित जालिकेची दैनंदिन निर्मळता सुनिश्चित करण्यात यावी.’

हे वाक्य मी ओळखलं. पहिल्या दिवशी मी ते आबाला वाचून दाखवलं होतं. इतकंच नव्हे तर ‘निर्मळता’ या शब्दाशी थांबून त्याला दादही दिली होती. तेव्हा आबाने विचारलं होतं, “म्हंजे काय, दादा?” आणि मी सांगितलं होतं, “म्हणजे रोज स्वच्छ ठेवायचं.” त्या दिवसापासून आबा रोज पहाटे ओल्या फडक्याने सगळा ट्रॅक्टर पुसत होता. हेडलाइट, बॉनेट, नंबराची पाटी, सगळं. तालुक्यात इतका लख्ख ट्रॅक्टर दुसरा नव्हता.

शेजारच्या बागेतलं पोरगं आवाज ऐकून धावत आलं. लांबूनच ओरडलं, “जाळी फुकलीया का न्हाई?”

त्याने इंजिन पुन्हा चालू करून जरा वेळ नुसतं गुरगुरत ठेवलं, मग बंद केलं. झाकणाला हात लावू दिला नाही. बॉनेट उचललं आणि रेडिएटरच्या पुढची जाळी वर ओढली. जाळी कसली, ते पालापाचोळ्याचं, धुळीचं आणि औषधाच्या धुक्याचं थापलेलं थालीपीठ होतं. त्यातून वारा जाणार कुठून? त्याने ती दगडावर आपटली, पाण्याच्या नळीने उलट्या बाजूने धुतली, बसवली. या सगळ्यात, थंड होऊन पाणी भरेपर्यंत, दोन तास गेले. वरच्या दोन एकरांची फवारणी झाली आणि पुन्हा पाऊस लागला. खालचा अर्धा एकर राहिला. पुढे दोन दिवस त्या रानात पाऊल घालता येईना. आठवड्याने तिथे पानांवर तेलकट डाग दिसले.

आबा मला एक शब्द बोलला नाही. मी आयुष्यात पुष्कळ अभिप्राय वाचले आहेत, इतका सविस्तर एकही नव्हता.

आमच्या तासगावापासून किर्लोस्करवाडी काही लांब नाही. १९०३ च्या सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी भीती शेतकऱ्यांना होती. तो नांगर नुसता घडवून भागलं नाही, तो समजावून सांगावा लागला. त्याच कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, आणि यंत्रांच्या खबरी देता देता ते मराठी घराघरांत वाट पाहिलं जाणारं मासिक झालं. म्हणजे लोखंड आणि मराठी यांचं वाकडं आहे असं नव्हे. त्याच्याही आधी लाकडी नांगराला फाळ होता, हळस होती, रुमणं होतं. जुवाला शिवळा होत्या. एकेका खुंटीला नाव होतं आणि ते ठरवायला समिती बसली नव्हती. ज्याचा हात त्या खुंटीवर पडत होता त्याने ते ठेवलं. आजही गॅरेजात पान्हा आहे, चाकी आहे, डिझेलची नळी ‘हवा धरते’ आणि ती हवा ‘काढावी’ लागते. ही भाषा जिवंत आहे. तिला फक्त कुणी लिहायला बसवत नाही. लिहायला बसवतात ते आमच्यासारख्यांना.

हो, आमच्यासारख्यांनाच. कारण पुस्तकाचा अनामिक लेखक कोण, या प्रश्नाचं उत्तर मला त्या रात्री बांधावर मिळालं. तो मीच होतो. पंचवीस वर्षं मी ‘कवीच्या आत्मनिष्ठ अनुभूतीची अनन्यसाधारण प्रचिती’ असं लिहीत आलो. कुणी विचारलं नाही, “म्हंजे काय, दादा?” विचारलं असतं तर मी ‘म्हणजे कविता चांगली आहे’ असं काहीतरी सांगितलं असतं, आणि बिचाऱ्या कवीने घरी जाऊन कविता फडक्याने पुसली असती. माझ्या गद्यालाही जाळी होती, तीही बुजलेली होती. फक्त त्याच्यासमोर काटा लावलेला नव्हता, म्हणून ते तापलेलं कुणाला दिसलं नाही.

तेव्हा निवाडा. ट्रॅक्टर चांगला आहे, घ्यावा. पुस्तक वाईट आहे. पण ज्याने ते वाचून समजल्याचा आव आणला तो त्याहून वाईट.

दिवाळीनंतर मी एक काम केलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर, आबाला शेजारी बसवून, तो म्हणेल तसं लिहिलं. ‘रोज सकाळी जाळी काढ. फुंक. ऑइलची पट्टी ओढून ऑइल बघ. रेडिएटरचं पाणी बघ, इंजिन गार असतानाच. पट्टा अंगठ्याने दाबून बघ, बोटभर दबला पाहिजे, हातभर नको.’ अशा अकरा ओळी. शेडच्या भिंतीवर खिळा मारून तो कागद लावला. पुढच्या सर्व्हिसला आलेल्या मेकॅनिक पोराने तो उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचला. माझं लेखन शेवटपर्यंत वाचणारा मी पाहिलेला तो पहिलाच वाचक. मग त्याने खिशातलं पेन काढलं, पहिली ओळ खोडली आणि वर लिहिलं : ‘फवारनी आसल तर दिवसातनं दोनदा.’

शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत. मी दुरुस्त केल्या नाहीत. माझ्या साऱ्या लेखनात सुधारित दुसरी आवृत्ती निघालेलं ते एकच आहे.