थडगं हललं आणि आम्ही हसलो

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी आम्हाला विचारलं, की भुतांच्या आणि उडत्या तबकड्यांच्या टुकार सिनेमांवर तासभर बोलण्यासारखं असतं तरी काय? प्रश्न रास्त आहे. आम्ही तरी हे सिनेमे बोलण्यासाठी कुठे बघत होतो? हसायला म्हणून बघत होतो.

आम्ही म्हणजे पाचसहा जणांचा कंपू. शनिवारी रात्री कोथरूडला एका मित्राच्या घरी जमायचं, भेळ मागवायची आणि सापडेल तो जुना, स्वस्तातला विज्ञानपट नाहीतर भयपट लावायचा. नियम एकच, गप्प बसायचं नाही. पडद्यावर काही फसलं की ज्याला आधी दिसेल त्यानं ओरडायचं. एरवी थिएटरात कुणी शेजारी बोललं तर आम्हीच त्याच्याकडे डोळे वटारून बघतो, पण इथे बोलणं हाच कार्यक्रम होता.

सुरुवात 'रोबॉट मॉन्स्टर'नं झाली. १९५३चा सिनेमा, दिग्दर्शक फिल टकर. पृथ्वीवरच्या माणसांचा जवळजवळ नायनाट करून टाकलेला परग्रहावरचा राक्षस दाखवायचा आहे आणि त्यासाठी पैसे नाहीत. मग काय करावं? जॉर्ज बॅरोज नावाच्या नटाकडे स्वतःचा गोरिलाचा पोशाख होता. त्यालाच उभा केला आणि डोक्यावर शिरस्त्राण चढवलं. झाला राक्षस! (हशा) त्याच्या गुहेत एक यंत्र आहे, त्यातून साबणाचे फुगे निघतात. का निघतात ते कुणी सांगत नाही. पण श्रेयनामावलीत मात्र फुग्यांच्या यंत्राला रीतसर जागा दिलेली आहे.

पहिल्या वेळी आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्यांदा बघताना आमच्यातल्या एकाला श्रेयनामावलीत संगीतकाराचं नाव दिसलं : एल्मर बर्नस्टाइन. पुढे 'द टेन कमांडमेंट्स' आणि 'द मॅग्निफिसंट सेव्हन'चं संगीत देणारा तोच. डाव्या विचारांच्या संशयामुळे मोठ्या स्टुडिओंची दारं त्याला तेव्हा नीट उघडी नव्हती, म्हणून तो इथे. त्यानंतर आम्ही सिनेमा पुन्हा लावला आणि नुसता ऐकला. गोरिला टेकडी चढतो आहे, उतरतो आहे, परत चढतो आहे, आणि त्याच्यामागे एक तरुण संगीतकार समोर खरोखरच जगबुडी चालली आहे अशा निष्ठेनं काम करतो आहे. तिसऱ्या वेळी लक्षात आलं, की गोष्टही इतकी वाह्यात नाही. त्या राक्षसाला वरून हुकूम आहे, की उरलेली माणसं मार. त्यातल्या एका मुलीवर त्याचं मन बसतं. मारायला तर हवं आणि मारवत तर नाही, या कात्रीत सापडून तो स्वतःशीच बोलत बसतो. दुसऱ्या कुठल्या सिनेमात ही ओळ एखाद्या मोठ्या नटाला मिळाली असती, तर आपण तिला शोकांतिका म्हटलं असतं. इथे ती केसाळ पोशाखातून येते, म्हणून आपण भेळेचा घास घशात अडकेपर्यंत हसतो.

आता एडवर्ड डी. वुड ज्युनियर. या विषयावर बोलायचं आणि 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस' टाळायचा म्हणजे विठोबाला टाळून पंढरपूरला जाऊन येणं. ड्रॅक्युला म्हणून गाजलेला बेला लुगोसी वुडचा मित्र होता. वुडनं त्याची थोडीशी दृश्यं चित्रित केली आणि १९५६ साली लुगोसी वारला. वुडनं ती फिल्म फेकली नाही. तिच्याभोवती सिनेमा रचला आणि राहिलेल्या दृश्यांसाठी आपल्या बायकोच्या कायरोप्रॅक्टरला, म्हणजे पाठीचा कणा बसवणाऱ्या माणसाला, घेतलं. तो लुगोसीसारखा मुळीच दिसत नव्हता. म्हणून तो सिनेमाभर डगल्यानं तोंड झाकून फिरतो. विमानाच्या कॉकपिटला दार नाही, तिथे न्हाणीघरातला पडदा लटकवलेला आहे. स्मशानात एकाच पाठलागात रात्रीचा दिवस होतो, दिवसाची परत रात्र होते. माणसाचा धक्का लागला की थडगं हलतं. पैसे दिले एका बॅप्टिस्ट चर्चमधल्या मंडळींनी. सिनेमाच्या मूळ नावात थडगी उकरणारे होते, ते त्यांना खटकलं, म्हणून नाव बदललं.

हे सगळं तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. १९८० साली मेडव्हेड बंधूंच्या पुस्तकानं याला आजवरचा सर्वांत वाईट सिनेमा ठरवलं आणि वुडला सर्वांत वाईट दिग्दर्शक. तेव्हापासून तो जगप्रसिद्ध झाला. वुड मात्र डिसेंबर १९७८मध्येच गेला होता. वय ५४. भाड्याच्या घरातून बाहेर काढल्यानंतर थोड्याच दिवसांत. ज्या हशानं त्याचं नाव जगवलं तो त्यानं ऐकला नाही, आणि ऐकला असता तर त्याला काय वाटलं असतं या प्रश्नावर आमच्या कंपूत जोरदार भांडण झालं. एकाचं म्हणणं, कलावंताला विस्मरणापेक्षा हसं बरं. दुसरा म्हणाला, तुझ्या कवितेवर लोक असे जमून हसले तर मग सांग. (हशा)

पण आम्हाला टोचलं ते वेगळंच. 'प्लॅन ९' आम्ही चारपाच वेळा पाहिला होता आणि गोष्ट काय आहे असं कुणी विचारलं तर धड सांगता येत नव्हतं. थडग्यांची, पडद्यांची, तबकड्यांची यादी तोंडपाठ होती. गोष्ट अशी आहे : परग्रहावरचे लोक मेलेल्यांना उठवत आहेत, कारण जिवंत माणसं त्यांचं ऐकत नाहीत. त्यांना सांगायचं आहे, की तुम्ही आधी हातबॉम्ब केलेत, मग अणुबॉम्ब, मग हायड्रोजन बॉम्ब. आता तुम्ही सूर्यप्रकाशाचाच स्फोट घडवणारं अस्त्र शोधाल आणि त्यात विश्व जाईल. हे सांगणारा पाहुणा मध्येच माणसांना मूर्ख म्हणतो, आणि आपला सिनेमाचा नायक त्यावर काय उत्तर देतो? ठोसा! एक शब्दाचा प्रतिवाद नाही, सरळ थोबाडीत. वुडला हे मुद्दाम सुचलं की चुकून झालं, याचा निकाल आम्ही लावू शकत नाही. पण अमेरिका आणि रशिया दोघंही हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या करत होते त्या काळात एका कफल्लक माणसानं हे पुठ्ठ्याच्या थडग्यांमध्ये उभं राहून म्हटलं. आमचं लक्ष पुठ्ठ्याकडे होतं.

इथे कुणी म्हणेल, की तुम्ही आता वाईटालाच चांगलं म्हणायला लागलात. तसं नाही हो. या फडताळातला बराचसा माल निव्वळ कंटाळवाणा आहे. 'मॅनोस : द हँड्स ऑफ फेट' हा १९६६चा सिनेमा टेक्सासमधल्या एका खतविक्रेत्यानं केला. त्यात सुरुवातीला मोटार चालते, चालते आणि चालतच राहते. तिथे आमचा सर्वांत बडबड्या मित्रही झोपला. आणि अलीकडे मुद्दाम वाईट काढलेले सिनेमे येतात, २०१३चा 'शार्कनेडो' घ्या, वादळातून शार्क मासे उडत येतात. आम्ही मोठ्या अपेक्षेनं लावला आणि पंधरा मिनिटांत उरकला. स्वतःच्या विनोदावर आधी स्वतः हसणारा पाहुणा असतो ना, तसा तो प्रकार. वुड डोळा मारत नाही. तो कायरोप्रॅक्टर डगल्यामागे जीव तोडून लुगोसी होऊ बघतो. तिथे दोन माणसांचं काहीतरी पणाला लागलेलं दिसतं, म्हणून बघवतं.

हे सगळं अमेरिकेचं झालं. तिथल्या भीती आपल्या नव्हत्या, त्यामुळे हसणं सोपं होतं. पण मग आम्ही आपल्या मुंबईचे रामसे बंधू लावले.

रामसे घराण्याची कथा त्यांच्या सिनेमांइतकीच रंजक आहे. वडील फतेहचंद रामसिंघानी, कराचीत रेडिओचं दुकान. इंग्रज गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारता येईना, त्याचं रामसे झालं. फाळणीनंतर मुंबई. १९७०मध्ये त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला, तो पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर राक्षसाचा मुखवटा घालून चोरीला जातात त्या प्रसंगाला प्रेक्षक सावरून बसतात, हे मुलांच्या लक्षात आलं. मग सात भावांनी कामं वाटून घेतली. लेखन कुमारचं, कॅमेरा गंगूचा, ध्वनी किरणचा, संकलन अर्जुनचं, दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांचं. १९७२चा 'दो गज जमीन के नीचे' त्यांनी महाबळेश्वरला जाऊन केला, जेमतेम माणसं घेऊन. सेट बांधायचा नाही, जुनी वास्तू गाठायची. गंगू रामसेची प्रकाशयोजना आम्ही आता गंभीरपणे बघतो. धुरात सोडलेला निळा आणि हिरवा उजेड, एका बाजूनं लाल. मोठ्या बॅनरच्या सिनेमांतही तेव्हा इतक्या धिटाईनं रंग वापरलेला क्वचित दिसतो.

'पुराना मंदिर' (१९८४) लावला त्या रात्री यजमान मित्राची आई घरी होती. काकू एरवी आत झोपतात, त्या दिवशी खुर्ची ओढून बसल्या. सामरी आला. अजय अगरवाल हा रूडकीचा इंजिनिअर, उंचापुरा माणूस; पुढे 'बँडिट क्वीन'मधला बाबू गुज्जर तोच. आम्ही नेहमीप्रमाणे सुरू झालो. मुखवट्याची कड दिसते, केस टोपाचे आहेत, वगैरे. काकू हसल्या नाहीत. मग जगदीपचा मच्छर सिंग आला, 'शोले'ची नक्कल. आम्हाला ते कंटाळवाणं वाटतं, आम्ही रिमोट उचलला. तर काकू खळखळून हसत होत्या! "अरे ठेव की, ते पुढं का ढकलतोस?" आम्ही हसतो तिथे त्या गप्प, आणि आम्ही गप्प तिथे त्या हसतात. सिनेमानं हसायच्या जागा ठरवून दिल्या होत्या आणि खोलीत त्या फक्त त्यांना माहीत होत्या.

मध्यंतरात, म्हणजे चहाला, त्या म्हणाल्या, "हसा तुम्ही, हसा. मी बघितला तेव्हा ह्याच्या वेळचा सातवा महिना होता मला." सांगली जिल्ह्यातलं त्यांचं सासर. जत्रेत तंबू लागला होता, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. सासूला न सांगता चुलत जावेबरोबर गेल्या. आल्यावर आठ दिवस झोप नाही.

आम्ही आधी म्हटलं, काकू, रबराच्या मुखवट्याला एवढं घाबरलात? तेव्हा त्यांनी आम्हाला सिनेमाची गोष्ट सांगितली, जी आम्ही तीनदा पाहूनही ऐकली नव्हती. सामरीचं मुंडकं धडावेगळं करताना तो राजघराण्याला शाप देतो. कसला? या घरातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. म्हणून ठाकूर मुलीचं प्रेम मोडू बघतो. आम्हाला तो हिंदी सिनेमातला नेहमीचा श्रीमंत आडमुठा बाप वाटला होता. तो तर पोरीला मूल होऊ नये म्हणून धडपडतो आहे. काकूंच्या गावापासून दवाखाना बैलगाडीनं दोन तासांवर होता. त्यांच्या शेजारघरातली एक सून आदल्याच वर्षी गेली होती. तंबूतल्या अर्ध्या भागात बसलेल्या बायकांना मुखवट्याची कड दिसली नसेल असं नाही. काकू म्हणाल्या, "दिसत होतं की. पण मी मुखवट्याला कुठं घाबरले होते?"

रामसेंच्या सिनेमांना आज शहरात नवे चाहते मिळाले आहेत, आमच्यासारखे. पोस्टर भिंतीवर लावतात, नावं घेऊन हसतात. ते वाईट आहे असं आम्ही म्हणणार नाही; त्या हसण्यातूनच आम्ही इथवर आलो. पण या सिनेमांवर लिहिताना आपण बजेट, मुखवटा आणि धूर यांच्यापुढे जात नाही, आणि सिनेमा कशाला घाबरतो हे विचारतच नाही. तिकीट काढून तो ज्यांनी बघितला त्यांना तर त्याहून विचारत नाही. बायकांच्या बाजूला बसून 'पुराना मंदिर' पाहिलेल्या किती जणींचं म्हणणं कुठल्या समीक्षेत आलं आहे? आमच्या माहितीत एकीचंही नाही, आणि काकूंचं आलं ते केवळ त्या रात्री त्यांना झोप लागत नव्हती म्हणून.

पुढच्या शनिवारी 'बंद दरवाजा' लावायचं ठरलं आहे. "तोच उंच माणूस आहे ना त्यात?" असं विचारून काकूंनी जागा राखून ठेवली आहे. दोन अटी घातल्यात. गाणी पुढे ढकलायची नाहीत, आणि विनोदी नट आला की कुणी मध्ये बोलायचं नाही.